साडेतीन तासांचा आढावा, वीस मिनिटांचे काम : विदर्भातील तालुका अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. गटविकास अधिकारी, तालुका आरोग्य अधिकारी, बालविकास प्रकल्प अधिकारी व गटशिक्षणाधिकारी,
पंचायत समित्या, विदर्भ.

विषय : मासिक आढावा बैठकीची पद्धत बदलणेबाबत.
संदर्भ : रात्री साडेदहाला येणारे आपले व्हॉट्सॲप संदेश.

महोदय, महोदया,

ग्रामपंचायत अधिकारी, आरोग्य सेविका, अंगणवाडी पर्यवेक्षिका, केंद्रप्रमुख, आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक आणि संगणक परिचालक अशा वेगवेगळ्या खात्यांच्या लोकांनी हे पत्र मिळून लिहिले आहे. तालुक्याच्या सभागृहात आम्ही एकमेकांवर ढकलाढकली करताना दिसतो, म्हणून हे मुद्दाम सांगितले. त्या ढकलाढकलीत आमच्या स्वभावाचा वाटा आहेच. पण जास्त वाटा बैठकीच्या मांडणीचा आहे, आणि ती बदलायला ना शासन निर्णय लागतो ना निधी. आपली सही पुरते.

आधी हिशोब. समजा तालुक्यात ७० ग्रामपंचायती आहेत आणि प्रत्येकीच्या आढाव्याला ३ मिनिटे लागतात. एकूण २१० मिनिटे, म्हणजे साडेतीन तास. यात प्रत्येक जण ३ मिनिटे बोलतो आणि उरलेली २०७ मिनिटे दुसऱ्यांचे आकडे ऐकतो. हे आकडे आदल्या दिवशी पोर्टलवर आलेले असतात आणि त्याआधी प्रपत्रात भरून आपल्याच कक्षात दिलेले असतात. मधेच जिल्ह्याची व्हीसी, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्स, लागते. साहेब उठून जातात, सभागृह बसून राहते. व्हीसी कधी संपेल ते कोणालाच माहीत नसते, आपल्यालाही नसते हे आम्ही जाणतो. म्हणून पहिली विनंती अगदी साधी आहे. बैठकीच्या आदेशातच लिहा, की व्हीसी लागल्यास सहायक गटविकास अधिकारी किंवा अमुक विस्तार अधिकारी बैठक पुढे चालवतील आणि त्यांनी घेतलेला निर्णय अंतिम राहील. ‘साहेब आल्यावर ठरवू’ असे म्हणणारा अध्यक्ष बसवायचा असेल, तर लोकांना घरी पाठवलेले बरे.

वाचून कळेल ते बैठकीत वाचू नये. जे काम दोन खात्यांच्या मधे अडले आहे तेवढेच बैठकीत आणावे. ज्याचे काम सुरळीत चालले आहे त्याच्या आकड्यांना हात लावू नये. ७० गावांपैकी खरोखर अडलेली गावे मोजकीच असतात आणि वेळ त्यांना द्यायचा असतो. बाकीच्यांचा आढावा कागदावर झाला, असे इतिवृत्तात एका ओळीत लिहिता येते.

आता मुख्य दुखण्याकडे येतो. खात्याखात्यांतले संबंध आकड्यांच्या फरकावरून बिघडतात, आणि सर्वात जास्त बिघडतात कुपोषणाच्या आकड्यावरून. अंगणवाडीच्या पोषण ट्रॅकर ॲपमध्ये तीव्र कुपोषित बालके समजा ११ दिसतात आणि आरोग्य विभागाच्या यादीत ७. सभागृहात प्रश्न येतो, ‘खोटे कोण बोलते?’ त्या क्षणी आरोग्य सेविका आणि अंगणवाडी सेविका एकमेकींच्या विरुद्ध उभ्या राहतात. दुसऱ्या दिवशी त्याच दोघींनी एकाच गावात एकाच मुलाच्या घरी जायचे असते.

बहुतेक वेळा कोणीच खोटे बोललेले नसते. फरक का पडतो ते पाहा. एक, मोजमापाची तारीख वेगळी. अंगणवाडीत वजन महिन्याच्या सुरुवातीला होते, आरोग्य सेविकेचे मोजमाप ग्राम आरोग्य व पोषण दिवसाला होते. मधल्या काळात मूल हगवणीने आजारी पडले तर वजन उतरते. दोन, कसोटी वेगळी. ६ ते ५९ महिन्यांच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषित. उंचीच्या मानाने वजन उणे ३ एसडीच्या (प्रमाण विचलनाच्या) खाली गेले तरी तीव्र कुपोषित. दोन्ही पायांवर सूज असेल तर वजन कितीही असो, तीव्र कुपोषित. दंडघेराची पट्टी आणि वजनकाटा नेहमी तीच मुले पकडत नाहीत, काही मुले एकाच कसोटीत येतात. तीन, उंची घेण्याची रीत. २४ महिन्यांच्या आतल्या मुलाची लांबी झोपवून घ्यायची असते. त्याला उभे करून मोजले तर माप सुमारे ०.७ सेंटिमीटरने कमी येते, आणि सीमारेषेवरचे मूल कागदावर एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जाते. चार, स्थलांतर. मेळघाटात मजुरीसाठी बाहेर गेलेली कोरकू कुटुंबे होळीला गावी परततात. त्या महिन्यात मुलांची संख्याही वाढते आणि कुपोषितांचा आकडाही. तो गावातल्या सेविकेचा नाकर्तेपणा नसतो. उलट, परतलेल्या पोरांना तिने लगेच शोधून मोजल्याची ती खूण असते, आणि आपण तिला त्याचबद्दल उभे करता.

यावर उपाय आहे नाववार मिलान. बैठकीच्या ३ दिवस आधी उपकेंद्रावर आरोग्य सेविका, त्या भागातल्या अंगणवाडी सेविका, आशा आणि पर्यवेक्षिका यांनी पाऊण तास बसावे. आकडे नकोत, नावे घ्यावीत : मुलाचे नाव, आईचे नाव, जन्मतारीख, मोजल्याची तारीख, वजन, उंची, दंडघेर. मग चार ढीग करावेत. दोन्ही यादीत असलेली मुले, फक्त अंगणवाडीच्या यादीतली, फक्त आरोग्याच्या यादीतली, आणि गावाबाहेर गेलेली. मधल्या दोन ढिगांतल्या मुलांना दोघींनी मिळून ३ दिवसांत पुन्हा मोजावे. दंडघेर डाव्या हाताचा, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर, हात सैल सोडून आणि पट्टी न आवळता घ्यावा. त्यानंतर दोघींच्या सहीचा एकच आकडा तालुक्याला जावा. कोणाचे मोजणे राहिले असेल तर ‘फेरमोजणी बाकी’ असे लिहावे, अंदाजाने कोणत्याही ढिगात टाकू नये. ही नावांची यादी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. मुलांची नावे आणि आजार शंभर लोकांच्या मोबाइलमध्ये जायची गरज नाही.

एवढे झाले की तालुक्याच्या बैठकीत विचारण्यासारखे खरे प्रश्न उरतात. ग्राम बाल विकास केंद्र कुठे सुरू करायचे, कोणाला पोषण पुनर्वसन केंद्रात न्यायचे, आई मजुरी बुडवून तिथे राहायला तयार नसेल तर घरच्या लहान भावंडांकडे कोण पाहणार. शेवटच्या प्रश्नाला आरोग्य, बालविकास आणि ग्रामपंचायत अशी तिन्ही खाती लागतात, आणि बैठक असते ती अशाच प्रश्नासाठी.

घरकुलांचेही थोड्याफार फरकाने तसेच. ‘प्रगती कमी आहे’ हे ग्रामपंचायत अधिकाऱ्याला चारचौघांत सांगून घर उभे राहत नाही. अपूर्ण घरकुलांची यादी कारणानुसार फोडा : जागाच नाही, वारसांचा वाद, वाळू मिळत नाही, बँक खाते आधारशी जुळत नाही, जिओ टॅग झाला पण हप्ता आला नाही, लाभार्थी बाहेरगावी. मग लक्षात येईल, की जागा आणि वाळू महसूलकडे आहे, खाते बँकेकडे, हप्ता आपल्याच कक्षाकडे, आणि ग्रामपंचायतीच्या हातात यादीचा लहानसा भाग आहे. त्या दिवशी नायब तहसीलदार आणि बँकेचा माणूस अर्धा तास आला तर सत्तर जणांच्या तासभर झाडाझडतीपेक्षा जास्त काम होईल. ते येणार नसतील तर त्यांच्या नावाचे पत्र बैठकीतच तयार व्हावे आणि त्यावर तिथेच सही व्हावी.

पडद्यावर दाखवतात त्या लाल-हिरव्या तक्त्याबद्दल थोडे. लहान गावात १२ लाभार्थी आहेत आणि २ बाहेरगावी गेलेत. काम झाले ८३ टक्के. मोठ्या गावात १५० आहेत आणि १५ बाकी आहेत. काम झाले ९० टक्के. लाल रेषा ८५ वर आखली की दोघांमुळे लहान गाव लाल होते आणि पंधरा जण बाकी ठेवणारे मोठे गाव हिरवे. गडचिरोलीच्या टोल्यांवर आणि मेळघाटातल्या ढाण्यांवर, म्हणजे लहान वस्त्यांवर, काम करणारा माणूस म्हणूनच कायम लाल रंगात बसतो, आणि ज्याला कायम लाल राहायचे आहे हे माहीत झाले तो आकडा सुधारण्याऐवजी कागद सुधारायला शिकतो. टक्केवारीच्या शेजारी ‘बाकी किती’ हा आकडा लावा, आणि क्रम त्यावरून लावा. शेवटच्या पाच जणांची नावे पडद्यावर नकोत. ज्यांचे काम मागे आहे त्यांना बैठक संपल्यावर आपल्या दालनात दहा मिनिटे बसवा आणि तीनच गोष्टी विचारा : काय अडले, कधीपासून, आणि कोणाच्या हातात आहे. आळशी माणूस या तीन प्रश्नांत उघडा पडतो, सभागृहात मात्र तो मान खाली घालून सहज निभावून नेतो. बोलणी बसतात ती उत्तर द्यायला जाणाऱ्याला.

सूचनेचे म्हणाल तर ‘उद्या ११ वाजता बैठक, सर्वांनी उपस्थित राहावे, गैरहजर राहिल्यास कारवाई’ यातून कारवाई सोडून काहीच कळत नाही. सूचना अशी असावी : ‘मंगळवार, सकाळी ११ ते दुपारी १. विषय : अपूर्ण घरकुले (जागा व हप्ता), पाणी नमुने तपासणी. कोणी यावे : फक्त सोबतच्या यादीतील २२ ग्रामपंचायती. सोबत आणावे : कारणनिहाय यादी, एक पान. इतरांनी येऊ नये.’ शेवटचे वाक्य आवर्जून लिहावे लागते, नाहीतर भीतीपोटी सगळेच येतात. सूचना ३ कामकाजाचे दिवस आधी निघावी. महिन्याची बैठक ठरावीक वारी, म्हणजे दुसऱ्या मंगळवारी वगैरे, कायमची बांधून टाकावी आणि तो वार लसीकरण सत्रांच्या आराखड्याशी ताडून घ्यावा. लसीकरणाच्या दिवशी आरोग्य सेविकेला अचानक बोलावले की लस वाहकातून परत जाते. लस तरी शीतसाखळीत सुरक्षित राहू शकते. कापूस वेचणीची किंवा रोवणीची मजुरी सोडून लेकरू घेऊन आलेली बाई मात्र पुढच्या वेळी येईलच असे नाही.

वेळ ऋतूप्रमाणे बदलायला हवी. एप्रिल-मेमध्ये चंद्रपूर, अकोला, वर्ध्याकडे दुपारी दोनला लोकांना रस्त्यावर काढू नये. बैठक साडेआठला सुरू करून साडेदहाला संपवा. पावसाळ्यात नाले भरतात. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद पडत आला आहे, अशा भागात जुलै-ऑगस्टची बैठक फोनवर किंवा सर्कलच्या ठिकाणीच व्हावी. बाकी वेळी शेवट एसटीच्या वेळेला बांधलेला असावा. मुख्यालयी राहा असा आदेश आहे, पण तालुक्यावरून मुख्यालयी जाणारी शेवटची गाडी चुकली तर बाईमाणसाने रात्री कोणाच्या दुचाकीवर बसून जायचे, हे त्या आदेशात लिहिलेले नाही. आपल्यालाही हे नवे नाही. धारणीच्या साहेबांना सेमाडोह-परतवाड्याचा घाट उतरून अमरावतीला जावे लागते, सिरोंच्याहून गडचिरोली दोनशे किलोमीटरहून जास्त आहे. जिल्ह्याच्या बैठकीबद्दल आपण आपसांत जे बोलता, तेच आम्ही तालुक्याच्या बैठकीबद्दल बोलतो.

सभागृहातला कूलर ही लहान गोष्ट वाटेल, पण तो चालू असला की मागच्या चार रांगांना काही ऐकू येत नाही आणि बंद केला की बसवत नाही. माणसे कमी बोलावली तर लहान खोली पुरते, आणि माइकही लागत नाही. बसण्याची रचनाही बदला. आज खात्याखात्याचे गठ्ठे बसतात : ग्रामपंचायतवाले एका बाजूला, आरोग्यवाले दुसऱ्या, शिक्षण मागे. त्याऐवजी एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या क्षेत्रातली सगळी माणसे एका टेबलाभोवती बसवा. शाळेच्या टाकीतले पाणी, अंगणवाडीचा संडास आणि गावची नळयोजना हे तिघांचे एकच काम आहे. पहिली २० मिनिटे त्यांनी आपसांत बोलावे आणि जे सुटले नाही तेवढेच व्यासपीठाकडे आणावे. निम्मे विषय टेबलावरच संपतात, कारण बहुतेक अडचणीत एकाला दुसऱ्याचा फोन नंबर आणि होकार एवढेच हवे असते.

मेळघाटात आणि दक्षिण गडचिरोलीत अनेक आशांना कोरकू, गोंडी किंवा माडियात नीट बोलता येते, कागदी मराठीत नाही. त्यांना त्यांच्या भाषेत बोलू द्या आणि सोबतच्या गटप्रवर्तकाने मराठीत सांगावे. मिनिटभर जास्त जाईल.

व्हॉट्सॲपबद्दल. एक ग्रुप आदेशांचा असावा, ज्यात फक्त कार्यालय लिहील. दुसरा बोलण्याचा. ‘तात्काळ’ हा शब्द पूर, साथ, अपघात आणि विधानसभेचा तारांकित प्रश्न यांसाठी राखून ठेवा, आणि तेव्हा सरळ फोन करा. माहिती मागवताना कोणत्या कक्षाला हवी, कशासाठी हवी, कोणत्या तारखेपर्यंतची हवी, हे लिहा. एकच माहिती तीन कक्ष तीन प्रपत्रांत मागतात : एकात १८ वर्षांखालील, एकात ० ते ६, तिसऱ्यात ‘बालके’ एवढेच. तिन्हींची उत्तरे वेगळी येणारच, आणि पुढच्या बैठकीत त्या फरकाचा खुलासा आम्हालाच द्यावा लागतो. तालुक्याला एकच माहिती नोंद असावी, कोणत्याही कक्षाने आधी तिथे पाहावे, नसेल तरच मागावी. निरंक अहवालाची सक्तीही काढा. ‘माहिती नसल्यास कळवू नये’ असे लिहिले की पन्नास संदेश वाचतात.

इतिवृत्त हा बैठकीचा सर्वात दुर्लक्षित भाग. आजच्या इतिवृत्तात ‘संबंधितांनी योग्य ती कार्यवाही लवकरात लवकर करावी’ असे वाक्य दहा वेळा येते. यात संबंधित कोण, कार्यवाही कोणती आणि लवकर म्हणजे कधी, यातले काहीच नाही. एक पान आणि चार रकाने पुरेत : काय ठरले, कोण करणार (पदासह नाव), कोणत्या तारखेला, अडल्यास कोणाला सांगायचे. लिहिणारा लिपिक पुढे बसावा, आणि एका विषयावरून दुसऱ्यावर जाण्यापूर्वी त्याने ठरलेली ओळ मोठ्याने वाचावी. भांडणे तिथेच मिटतात. ‘मी असे म्हणालोच नव्हतो’ याला जागा राहत नाही. दोन दिवसांत ते पान सर्वांना मिळावे आणि पुढची बैठक त्याच पानाने सुरू व्हावी. दुसऱ्या रकान्यात आपली नावेही यावीत. खालून वर गेलेला प्रस्ताव कक्षात पडून राहतो तेव्हा त्याची तारीख कोणीच विचारत नाही. खरे तर २००५ च्या बदल्यांचे विनियमन व विलंबास प्रतिबंध कायद्याप्रमाणे कोणतीही नस्ती (फाइल) साधारणपणे ७ कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त एका कर्मचाऱ्याकडे राहू नये. ग्रामपंचायतीला जो रकाना, तोच लेखा कक्षाला.

सहकाऱ्यांमधल्या वैराचे आणखी एक उगमस्थान म्हणजे प्रभार. बदली झाली की जाणारा घाईत असतो, येणारा घाबरलेला. कच्ची यादी होते, आणि सहा महिन्यांनी लेखापरीक्षणात आक्षेप निघाला की दोघे कायमचे शत्रू होतात. प्रभार एका दिवसात उरकू नये, निदान दोन पूर्ण दिवस द्यावेत आणि विस्तार अधिकाऱ्यासमोर व्हावा. रोकड वही आणि बँक पासबुक यांची शिल्लक त्याच दिवशी जुळवावी, फरक असेल तर कारणासह लिहावा. नमुना ८ आणि ९ (कर आकारणी व कर मागणीच्या नोंदवह्या) यांवरून कराची मागणी व थकबाकी, साठा व जडवस्तू प्रत्यक्ष मोजून, अपूर्ण कामांची मापे, कोर्टातली प्रकरणे, न दिलेली माहिती अधिकाराची उत्तरे, कपाटाच्या किल्ल्या, पोर्टलचे लॉगिन. पासवर्ड नव्या माणसाने तिथेच बदलावा. डिजिटल सही कोणाचीही कोणाला देऊ नये, ती ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये तर मुळीच ठेवू नये. चुकीच्या देयकावर सही एकाची आणि बोट दुसऱ्याचे, असे झाले की सर्वात आधी कंत्राटी ऑपरेटरच्या पोटावर येते. त्या मुलाला ‘ए ऑपरेटर’ म्हणून हाक मारणे बंद झाले तर तेही बरे. त्याला नाव असते.

महिलांच्या तक्रारींबद्दल स्पष्ट लिहितो. २०१३ च्या कायद्यानुसार १० किंवा अधिक माणसे काम करतात त्या प्रत्येक कार्यालयात अंतर्गत समिती हवी. अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत, आणि एक सदस्य बाहेरच्या संस्थेचा. उपकेंद्र किंवा अंगणवाडी अशा लहान ठिकाणच्या बाईने जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचे असते. तक्रारीची मुदत घटनेपासून ३ महिने आहे, सबळ कारण असल्यास समिती आणखी ३ महिने वाढवू शकते. समितीची नावे आणि फोन नंबर भिंतीवर लावा, आणि त्यातली नावे बदलीनंतर बदलत जा. दोन वर्षांपूर्वी बदलून गेलेल्या मॅडमचे नाव असलेला फलक असून नसून सारखाच. रात्री नऊनंतर महिला कर्मचाऱ्याला वैयक्तिक फोन करून माहिती मागणे हेही थांबवा. तातडी असेल तर पर्यवेक्षिकेमार्फत.

हे सगळे एकदम करा असे आमचे म्हणणे नाही. येत्या महिन्यापासून तीन बैठका या पद्धतीने घ्या : तीन दिवस आधी सूचना, उपकेंद्रावर नाववार मिलान, बोलावलेलीच माणसे, एक पानाचे इतिवृत्त. आमच्या बाजूने कारणनिहाय यादी बैठकीच्या दोन दिवस आधी कक्षात पोहोचेल, आणि ज्याची आली नाही त्याला आपण जरूर विचारा. तिसऱ्या बैठकीनंतर पहिल्या पानावरच्या किती ओळींपुढे ‘झाले’ लिहिले गेले ते मोजा. निम्म्यापेक्षा कमी असतील तर जुनी पद्धत आहेच.

आणि एक. बैठकीचा चहा-आलुबोंडा कार्यालयाच्या सादिल (किरकोळ) खर्चातून व्हावा, कर्मचाऱ्यांच्या वर्गणीतून नको. कपही महिला कर्मचाऱ्यांना वाटायला लावू नयेत. टेबलावर ठेवा, ज्याला हवा तो घेईल.

आपले,
तालुक्यातील क्षेत्रीय कर्मचारी